खडूच्या होडीतलं वादळ

मालकीणबाईंनी आखणीघराचं दार ढकललं, जमिनीवरून नजर फिरवली, आणि कुणीही झाडू मारलेला नाही हे पाहून त्यांना मनापासून बरं वाटलं. सकाळी सकाळी असं काहीतरी हाताशी सापडलं की पुढचं बोलणं कसं आपोआप वाहतं.

"एवढी माणसं घरात, सगळी हातापायानं धड. पण झाडू कुणाच्या हाताला चिकटत नाही. आज या जमिनीवर तुमचे वडील बुडणार आहेत. निदान स्वच्छ जमिनीवर तरी बुडू देत."

"अगं आई!" लेक म्हणाली.

"अगं आई काय? त्यांचीच हौस आहे. हौसेला मोल नाही म्हणतात, पण केर तरी काढायला नको?"

हौस असलेले मिस्त्री खिडकीशी स्टुलावर बसून रबरी बूट चढवत होते. बूट नवे कोरे होते. मालकीणबाईंनी ते पाहिले आणि मनात एका बाजूला ठेवून दिले. सगळं एकदम बोलून टाकलं तर दुपारपर्यंत पुरायचं कसं?

हौस काय, तर जन्मभर लोकांना होड्या बांधून देणाऱ्या या माणसानं पंधरवड्यापूर्वी भरल्या ताटावर हातातला घास खाली ठेवला आणि सांगितलं, "यंदा एक होडी माझ्यासाठी. लाकडाची, जुन्या घडणीची, लहानशी. ती घेऊन मी एकटा जाणार. किनाऱ्याकिनाऱ्यानं नाही. लांब." एवढं बोलून त्यांनी घास उचलला आणि खाल्ला. त्यांचा खाली उतरला. बाकी घराचा अजून घशातच होता.

मालकीणबाईंना समुद्राची भीती नव्हती. बाप नावाडी, सासरा होड्या बांधणारा. समुद्र त्यांच्या लेखी शेजारच्या घरातल्या भांडखोर माणसासारखा, ओळखीचा. त्यांचा घास अडकला होता तो 'एकटा' या शब्दावर. जो माणूस चष्मा कुठंय हे बायकोला विचारल्याशिवाय सकाळचा पेपर उघडत नाही, त्याला एकट्यानं जायचंय? म्हणजे नक्की समुद्राकडे जायचंय, की आपल्यापासून लांब? हे तोंडानं विचारणं त्यांच्या मानी स्वभावात बसेना. विचारण्यापेक्षा माणूस बुडवणं सोपं.

आणि बुडवायची सोय घरातच होती.

कारखान्याची ती रीतच होती, मालकीणबाईंच्या सासूबाईंनी घालून दिलेली: गिऱ्हाइकाला आधी जमिनीवर बुडवा, मग पाण्यात सोडा. आखणीघराच्या लांबलचक काळ्या फळ्यांवर होडी खडूनं आखायची, खरी असेल तेवढीच मोठी. वरच्या तुळयांना कप्प्या, कप्प्यांतून दोर, दोरांना जुन्या चादरींची शिडं. गिऱ्हाइकानं रेघेच्या आत उभं राहायचं. घरच्यांनी वारा व्हायचं, लाटा व्हायचं, गडगडाट व्हायचं. वादळ केव्हा आणि कसं आणायचं ते घरच्या थोरल्या बाईनं ठरवायचं. रेघेबाहेर पाय पडला की माणूस बुडाला. आणि जो ज्या घडणीत बुडाला, त्याच्यासाठी त्या घडणीचं लाकूड कापायचं नाही. मग तो कुणी का असेना. एक मोठे डॉक्टर इथं सकाळपासून दुपारपर्यंत बुडत राहिले आणि शेवटी वल्ह्याची होडी घेऊन गेले. दर वर्षी आठवणीनं खुशाली कळवतात.

म्हणजे बेत सरळ होता. घरात तीन घडणींवरून तीन तट पडले होते. तिन्ही आखायच्या, तिन्हींत बुडवायचं. 'नको' म्हणायचं कुणाच्या माथी येणार नाही. लेक या बेतात सामील होती. जन्मापासून ती आईच्याच बाजूची. लग्नात तेवढी एकदा फितूर झाली होती.

"पहिली आजोबांची दोनकाठी," थोरला मुलगा म्हणाला आणि गुडघ्यावर बसून त्यानं खडूची रेघ ओढायला घेतली. कारखाना आता त्याच्या हाती होता, आणि हाती आल्यापासून त्याला आजोबांचा फार पुळका. "दोन डोलकाठ्या, खाली लांब सरळ पठाण, होडीचा कणाच तो. पाण्यात अशी बसते म्हणून सांगू! सुकाणू नुसतं बांधून ठेवलं तरी घोड्यासारखी आपल्या वाटेनं चालते. एकट्या माणसाला आणखी काय पाहिजे?"

"एकट्या माणसाला चार हात पाहिजेत," वन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे मिस्त्रींची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे आली ती पत्र्याची ट्रंक आणि स्वतःची मतं घेऊन. ट्रंकेत अजून जागा होती. "तुझ्या आजोबांच्या होडीला शिडं किती? मागे एक, मधे एक, पुढे नाळेशी दोन. वारा फिरला की धावा पुढे. त्यापेक्षा आमच्या ह्यांची होती तशी बांधा. दोन्ही टोकं निमुळती. मागून लाट आली तर दुभंगून बाजूनं निघून जाते, ढकलत नाही. एकच डोलकाठी, एकच मोठं शीड. बस्स."

"आत्या, ते शीड ज्या काठीला लटकतं ती होडीपेक्षा लांब असते."

"असते. मग?"

"ती फिरवायला माणसं किती लागायची?"

वन्संनी थोडा विचार केला. "अकरा होती. पण सगळी प्यायलेली असायची. म्हणजे धरून चाल, पाच."

मिस्त्रींनी दुसरा बूट चढवला आणि मान हलवली. कुणाला हलवली ते कळलं नाही. तीच त्यांची खुबी होती. त्या मानेवर इतक्या वर्षांत सगळ्यांनी आपापला होकार वाचला होता.

तिसरी घडण जावयाची. जावई शिकलेला, होड्यांचे नकाशे काढणारा, खिशात कायम पट्टी. त्यानं पहिल्याच दिवशी हळू आवाजात काहीतरी सुचवलं होतं. पण जावयानं हळू आवाजात सुचवलेलं ऐकायची या घराला सवय नव्हती. जोरात सुचवलेलंही नव्हती.

"तुमची शेवटी घेऊ हं जावईबापू," मालकीणबाई म्हणाल्या. "वेळ उरला तर."

"चालेल," जावई म्हणाला.

वारा थोरला झाला. चादरीच्या शिडाचे दोर त्याच्या हातात. लेक पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन लाटांच्या जागी उभी राहिली. वन्संनी गडगडाटाला पत्रा घेतला. सूनबाई, जी कारखान्यातली सगळी शिडं कापायची आणि शिवायची, ती मात्र कोपऱ्यात कसलीशी गुंडाळी घेऊन बसली होती. जावई रेघेवर नजर ठेवायला. मिस्त्री होडीत शिरले, म्हणजे खडूची रेघ ओलांडून आत गेले, आणि काठी हातात धरून बसले. काठी म्हणजे सुकाणू.

काही वेळ सगळं सुरळीत चाललं. मिस्त्री समोर बघत बसले होते. समोर भिंत होती, पण ते भिंतीकडे बघत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मालकीणबाईंनी ठरवलेल्यापेक्षा लवकर वादळ आणलं.

"सुटला वारा!"

थोरल्यानं हिसडा दिला, पत्रा वाजला, पहिला तांब्या मिस्त्रींच्या मानेत गेला.

"पुढचं शीड उतरवा! बघत काय बसलात, पुढचं!"

मिस्त्री पुढे धावले.

"अहो सुकाणू कुणाच्या भरवशावर सोडलंत?"

मिस्त्री मागे धावले.

"ते बांधा नि पुढचं उतरवा म्हणते मी! डावा दोर! डावा, डावा! तुमचा डावा नव्हे, होडीचा!"

मिस्त्री मधोमध थांबून आपला कुठला आणि होडीचा कुठला याचा विचार करत असताना मागची चादर फिरली, त्यांच्या डोक्यावरून आली, आणि ते चादरीसकट दोन पावलं चालून गेले.

"बुडाले," जावई म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

"बघा," मालकीणबाई म्हणाल्या. "मी काही म्हटलंय का?"

पुसापुशी झाली. आजोबांची होडी ओल्या फडक्यानं पुसली गेली आणि तिथंच वन्संची आखली गेली, दोन्ही टोकांना निमुळती. मोठ्या काठीच्या जागी शेडमधला सर्वात लांब बांबू टांगला. तो भिंतीपासून भिंतीपर्यंत पोचला.

"आता ह्यांची गंमत बघा," वन्संनी सांगितलं. "भाऊ, घाबरू नकोस. वारा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला की काठी उभी करायची, डोलकाठीच्या पुढून वळवायची, पलीकडे आडवी करायची. आमचे हे गाणं म्हणत करायचे."

"गाणं राहू दे," मिस्त्री म्हणाले. त्यांचा उजवा खांदा दुखरा होता. लहान दोरानंही दुखायचा.

या खेपेला मालकीणबाईंना फारसं ओरडावंही लागलं नाही. पण ओरडायचं काम हाती घेतलेलं असताना कमी ओरडणं म्हणजे कामचुकारपणा. "वर करा! वर! आता वळवा! इकडून नको, तिकडून!" मिस्त्रींनी बांबू इकडून काढून तिकडे नेला, तसं त्याचं मागचं टोक थोरल्याच्या कपाळावर बसलं आणि वारा मटकन खाली बसला. मिस्त्री त्याला सावरायला गेले. रेघेबाहेर.

"बुडाले," जावई म्हणाला.

"ह्याला बुडणं म्हणत नाहीत," वन्सं म्हणाल्या. "पोराला वाचवायला उडी घेतली त्यानं."

"भर समुद्रात पोरगा कुठून आला?" थोरला कपाळ चोळत म्हणाला. "एकटे आहेत ना ते?"

"तू वारा आहेस. वाऱ्यानं बोलू नये."

"आत्या, तुमच्या होडीनं मला टेंगूळ आणलंय!"

"आजोबांच्या होडीनं तुझ्या बापाला चादरीत गुंडाळलं त्याचं काय?"

आता इथं खरं तर काम संपलं होतं. लेकीनं टॉवेल आणला आणि वडिलांच्या खांद्यावर टाकला. "बाबा, झालं ना आता समाधान? दोन वेळा बुडलात. घरी चला. पाहिजे तर आपण सगळे मिळून कुठंतरी जाऊ, मोठ्या बोटीनं. जेवण आयतं मिळतं त्यात."

मिस्त्री उठले नाहीत. पुसटशा रेघांच्या मधे ते ओले बसून राहिले. नव्या बुटांतून पाणी येत होतं. मालकीणबाईंनी ठेवून दिलेलं बुटांवरचं बोलणं आता काढायला हरकत नव्हती. पण तोंड उघडलं तर निघालं भलतंच.

"एकट्यानंच का पण?"

हा प्रश्न पंधरा दिवस घरात सगळ्यांच्या पायात येत होता, आणि प्रत्येकानं तो ओलांडून ये-जा केली होती.

मिस्त्रींनी टॉवेलनं कान पुसले. जरा जास्तच वेळ पुसले.

"आयुष्यभर होड्या बांधल्या मी," ते म्हणाले. "वाईट नाही बांधल्या. लाकूड गिऱ्हाइकाच्या मनाचं, लांबी त्याच्या ऐपतीची, रंग तुझ्या पसंतीचा. आमटीत मीठ कमी आहे का, हे मला कुणी विचारलं तर मी आधी तुझ्याकडे बघतो."

"मग? कधी चुकीचं सांगितलं का मी?"

"कधीच नाही. तेच तर म्हणतोय." मिस्त्री थोडे हसले. "तुझ्यापासून पळत नाहीये मी. पण तुझा आवाज पोचत नाही अशा जागी माझं मला काय सुचतं, ते एकदा बघायचंय. सोबत कुणी असलं की मी त्याला विचारणार. सवयच आहे. म्हणून एकटा."

वन्संच्या हातातला पत्रा खाली पडला आणि कुणी न सांगता गडगडाट झाला.

मालकीणबाईंचे कान तापले. पोरांसमोर, जावयासमोर, वन्संसमोर! त्यांनी कंबरेवर हात ठेवले.

"आणि नाहीच सुचलं काही?" त्या म्हणाल्या.

"तर परत येईन."

"आणि सुचलं तर?"

"तरी परत येईन. तिथं जेवायला कोण घालणार?"

लेक फिस्सकन हसली आणि आईकडे बघून खोकली.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "रागावणार नसाल तर एक बोलते. रागावणार असाल तरी बोलते. मघापासून भावाला होडीनं नाही बुडवलं. तुम्ही बुडवलं. तुम्ही पुढे म्हटलं की तो पुढे, मागे म्हटलं की मागे. समुद्रात तुम्ही असणार आहात का ओरडायला?"

"म्हणजे तुमची काठी ह्यांना पेलली असती?"

"ती नसती पेलली," वन्सं म्हणाल्या. आयुष्यात एखादी गोष्ट पहिल्यांदाच कबूल करत असल्यासारखं त्यांचं तोंड झालं. "त्याला अकराच लागतात."

कोपऱ्यात सूनबाई उठून उभी राहिली. "आई, एक होडी राहिलीय अजून."

"कुणाची?"

"भावजींची." तिनं गुंडाळी उलगडली. जुन्या ताडपत्रीचं शीड होतं ते, आणि त्यात वरपासून खालपर्यंत बांबूच्या आडव्या पट्ट्या शिवून घातलेल्या. टाका बारीक, एका रेषेत. एका रात्रीत झालेलं काम नव्हतं.

मालकीणबाईंनी शिडाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. माझ्या घरात, माझ्या पाठीमागे! "सासऱ्याची सून आणि सासूचा जावई कधीपासून एका दोरानं पाणी काढायला लागले?"

"वेळ उरलाच तर लागेल," जावई म्हणाला. "म्हणून तयारी ठेवली."

"हे शीड आहे का खिडकीचा पडदा?" थोरल्यानं विचारलं.

"पडद्यासारखंच आहे," जावई म्हणाला, आणि आज पहिल्यांदा त्याचा आवाज खोलीभर पोचला. "दोर सोडला की घडी होऊन खाली येतं. अर्धं सोडा, अर्धंच येतं. पुढे जायला नको, मागे यायला नको. सगळे दोर केबिनच्या दाराशी. माणसानं कंबरेपर्यंत आत उभं राहायचं आणि तिथूनच होडी चालवायची. डोलकाठी एकच, तिला आजूबाजूला ताणदोर नाहीत. आणि खालचं अंग आपलंच: आजोबांची लांब पठाण, आत्यांचं निमुळतं टोक. नवीन काहीच नाही. हे शीडसुद्धा फार जुन्या लोकांचं आहे, फक्त आपल्या लोकांचं नाही."

"वारा समोरून असला तर त्याच्या तोंडावर चढेल का?" थोरल्याला राहवलं नाही.

"दोनकाठीइतकी नाही. कूर्मगतीनं चढेल."

"मला कुठं घाई आहे?" मिस्त्री म्हणाले, आणि जावयानं खडू टेकवायच्या आधीच उठून उभे राहिले.

होडी आखून झाली. सगळे आपापल्या जागी गेले आणि मग मालकीणबाईंकडे बघायला लागले. सगळे का बघतायत ते त्यांना कळलं.

"हात वर केला की वारा," त्या म्हणाल्या. "खाली केला की थांबा. बोलायची नाही मी. झालं समाधान?"

"जमेल का आई?" लेकीनं काळजीनं विचारलं.

"तोंड माझं आहे. मिटायला काय कुणाची परवानगी लागते?"

खडूचा एक तुकडा त्यांनी मुठीत धरला आणि हात वर केला.

थोरला आता टेंगळाच्या रागानं ओढत होता. लेकीनं अख्खी बादली उचलली. पत्रा असा वाजला की छपरावरची कबुतरं उडाली. मिस्त्रींनी दोर सैल केला. पहिली पट्टी खट्कन खाली बसली, मग दुसरी. अर्धं शीड घडी होऊन पडलं आणि ओढ निम्मी झाली. ते दारात उभे होते तिथंच होते. खांदा उचलावा लागला नाही. मालकीणबाईंच्या घशाशी आलं, 'आणखी एक सोडा.' त्यांनी ते गिळलं. मिस्त्रींनी जरा वर बघितलं, ओठ चावला, आणि आणखी एक सोडली.

मालकीणबाईंनी डोळ्यांनीच थोरल्याला खूण केली: वारा फिरव.

थोरला दुसऱ्या बाजूला पळाला. मिस्त्रींनी मागचं बघायला दारातून एक पाऊल बाहेर टाकलं. तिथं सैल सुटलेल्या दोराचं वेटोळं पडलं होतं. बूट बरोबर त्याच्या मधे पडला. दोराचं दुसरं टोक थोरल्याच्या हातात, आणि थोरला पाठमोरा, ओढायच्या बेतात.

खोलीत ते फक्त मालकीणबाईंना दिसलं होतं. एक शब्द पुरला असता. 'पाय.' इतका लहान शब्द! तो जिभेच्या टोकावर येऊन दातांवर धडका मारत होता. आणि तेवढ्यात मिस्त्रींनी, सवयीनं, काय करू म्हणून त्यांच्याकडे पाहिलं.

मालकीणबाईंनी मान वळवली. वर तुळयांकडे बघत राहिल्या. आयुष्यात त्यांनी तुळया इतक्या नीट कधी पाहिल्या नव्हत्या. मुठीतल्या खडूचा भुगा झाला.

पत्रा वाजत होता. पाणी पडत होतं. मग कुणीतरी हलकेच "हात्तिच्या" म्हणालं. मिस्त्रींचा आवाज. मालकीणबाईंनी खाली बघितलं तेव्हा वेटोळं पायातून निघून खुंटीवर चढलं होतं आणि मिस्त्री परत दारात उभे होते. थोरल्यानं दोर ओढला. खुंटीनं तो धरून ठेवला. मालकीणबाईंचा हात किती वेळ वरच राहिला होता. त्यांनी तो खाली घेतला.

"नाही बुडाले," जावई म्हणाला. चुकून दुसऱ्याचं काहीतरी उचलल्यासारखं पुटपुटला.

कुणी आनंदानं ओरडायचं की नाही, हे मालकीणबाईंच्या तोंडाकडे बघून ठरणार होतं. आणि तोंड मिटलेलंच होतं. लेक बादली घेऊन थबकली. थोरल्यानं दोर गुंडाळायला घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"आई, बोल की काहीतरी," तो म्हणाला.

त्या बोलल्या नाहीत.

"वहिनी, मी मघाशी बोलले ते काही मनात धरू नका."

तरी नाही. ओरडून जे कधी जमलं नव्हतं ते न बोलता होतंय, सगळं घर कसं ताठ उभं आहे, हे मालकीणबाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ते थोडं चाखून घेतलं. मग चालत जाऊन खडूच्या केबिनमध्ये आखलेल्या झोपायच्या जागेशी वाकल्या.

"जावईबापू, ही फळी एवढी रुंद कशाला? नाचायचंय का हिच्यावर?"

"मला वाटलं, मोकळं झोपता..."

"होडी कलली की माणूस या रुंदीत गुंडाळलेल्या सतरंजीसारखा गडगडत राहील. अरुंद करा. दोन्ही बाजूंनी फळ्या उभ्या करा, कंबर टेकेल अशा. आणि उशी इकडे नको, तिकडे. ते डाव्या कुशीवर झोपतात. उजवा खांदा वर राहिला पाहिजे." त्या उभ्या राहिल्या. "टक लावून काय बघताय? अरुंद म्हटलं मी. एकट्याची. मला कुठं जायचंय? एका माणसाचा चष्मा शोधायचा नसला की मला कामं कमी आहेत का?"

"म्हणजे...?" सूनबाईनं विचारलं.

"म्हणजे पठाणीचं लाकूड काढा उद्या. ह्या ताडपत्रीत काही दम नाही, चांगलं कापड घे. रंग मी सांगेन." एवढं बोलून त्या जरा अडखळल्या. रंग ही त्यांची फार जुनी जहागिरी. "किंवा ते सांगतील. मला विचारून नव्हे. त्यांचं ते."

आता मात्र गलका झाला. थोरला टेंगूळ विसरून जावयाच्या पाठीवर थापा मारायला लागला आणि पठाण आजोबांची आहे हे सगळ्यांना सांगत सुटला. वन्संनी निमुळतं टोक आपल्या ह्यांचं, हे त्याच्याहून मोठ्यानं सांगितलं. लेक नवऱ्याकडे असं बघत होती की मालकीणबाईंना कळलं, ही आता दुसऱ्यांदा फितूर झाली. भांडत, हसत, ओली पावलं उमटवत सगळे जेवायला निघाले.

मिस्त्री अजून होडीतच उभे होते. बुटांतलं पाणी काढून झालं होतं, टॉवेलची घडी झाली होती. मालकीणबाई दार लावायला मागे राहिल्या होत्या.

"अगं," मिस्त्रींनी हळूच विचारलं, "मी उतरू का आता?"

मालकीणबाईंच्या तोंडी 'उतरा, जेवण थंड होतंय' असं तयार होतं. ते त्यांनी आतल्या आत परतवलं.

"मला काय विचारता? होडी कुणाची?"

मिस्त्रींनी थोडा वेळ विचार केला. भिंतीकडे बघितलं, काठीकडे बघितलं. मग खाली बसले आणि सुकाणू धरलं.

"मग बसतो जरा," ते म्हणाले.